रेडिएटर कोमट, घर ऊबदार

इंग्लंडात रेडिंगला घर घेतलं तेव्हा तिथला कंडेन्सिंग कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा, धुरातली उष्णताही वापरू शकणारा गॅसचा बॉयलर) रेडिएटरना ८० अंशांचं पाणी पाठवत होता. स्मार्ट थर्मोस्टॅट लावूनही गॅसचं बिल हलेना. तो नुसता चालू-बंद करायचा. बॉयलर पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. खरी गोम रेडिएटरमधून बॉयलरकडे परतणाऱ्या पाण्यात होती. ते साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. मग हीटिंगचं पाणी ५५ वर आणलं, थर्मोस्टॅट बॉयलरला नुसतं चालू-बंद न करता ज्योत कमी-जास्त करायला सांगू शकेल अशी ओपनथर्म जोडणी करून घेतली (तारा इंजिनियरने जोडल्या, मी चहा केला). आता ज्योत मंद, पण बराच वेळ जळते. घर सावकाश तापतं, म्हणून हीटिंग सकाळी तासभर आधी सुरू होतं. आई मात्र रेडिएटरला हात लावून अजून विचारते, "बिघडलाय का रे?"