ऑफसेटच्या कामात येताय? मग आधी मोजमाप कसं होतं ते शिका

डिफेन्स ऑफसेटमध्ये करिअर करायचंय म्हणून विचारणारे हल्ली बरेच भेटतात, कोणी एमबीए, कोणी मेकॅनिकलवाला, कोणी सीए इंटर, आणि गंमत म्हणजे पॉलिसी सगळ्यांना पाठ असते पण क्रेडिट, म्हणजे ऑफसेटचं एवढं काम झालं अशी सरकारी मान्यता, नक्की कशावर मिळतं हे कोणालाच धड सांगता येत नाही. मी पुण्यात विमानांचे पार्ट्स मशीनिंग करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कमर्शियल बघते. ज्या परदेशी कंपनीला आम्ही माल देतो तिच्या ऑफसेट क्लेमसाठी (काम झालं, क्रेडिट द्या या दाव्यासाठी) लागणारे आमच्या बाजूचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे मी जे सांगतेय ते कागदाच्या बाजूने आहे, आणि माझ्या मते सरकारचं मोजमाप कळायला हीच बाजू सगळ्यात चांगली.

अगदी थोडक्यात बेसिक. आपण बाहेरून मोठी शस्त्रखरेदी करतो तेव्हा विकणाऱ्याने त्या किमतीचा काही हिस्सा भारतात कामाच्या, गुंतवणुकीच्या किंवा तंत्रज्ञानाच्या रूपात परत आणायचा. २००५ च्या खरेदी नियमांत हे आलं, ३०० कोटींच्या वरच्या सौद्याला ३० टक्के, मग २०१६ मध्ये ती मर्यादा २,००० कोटींवर गेली. राफेलला ५० टक्के होतं. जी भारतीय कंपनी हे काम घेते तिला इंडियन ऑफसेट पार्टनर म्हणतात, बोलताना सगळे आयओपीच म्हणतात.

आता मुद्दा. ऑफसेटचा कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, हा वचनाचा आकडा आहे, क्लेमचा आहे की मंजूर झालेल्याचा? या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॅगचा जो रिपोर्ट सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आला तो यासाठी वाचाच. २००५ ते मार्च २०१८ या काळात ४६ ऑफसेट करार झाले, किंमत ६६,४२७ कोटी. पेपरात हाच आकडा मिरवतो. पण डिसेंबर २०१८ पर्यंत त्यातलं १९,२२३ कोटींचं काम पूर्ण व्हायला हवं होतं, कंपन्यांनी आम्ही केलं म्हणून क्लेम लावले ११,३९६ कोटींचे, आणि मंत्रालयाने मान्य केले फक्त ५,४५७ कोटी. म्हणजे जेवढं व्हायला हवं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. इंटरव्ह्यूला ६६ हजार कोटींवर भाषण देणारे खूप येतात, हे चार आकडे ओळीने सांगून त्यांचा अर्थ लावणारा क्वचित भेटतो.

मधला पैसा जातो कुठे, ते एका पार्टवर दाखवते. समजा आम्ही एक ब्रॅकेट बनवला, इनव्हॉइस १०० रुपयांचं. त्यात एरोस्पेस ग्रेड अॅल्युमिनियमचा ब्लॉक बाहेरून आलेला, ५५ रुपयांचा, त्याचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आहे, मिल सर्टिफिकेट (धातूच्या दर्जाचा दाखला) आहे. कोटिंगच्या प्रोसेससाठी परदेशी कंपनीला ५ रुपये रॉयल्टी जाते. संरक्षण मंत्रालयाच्या २०१२ च्या ऑफसेट गाइडलाइन्सनुसार बाहेरचा माल आणि बाहेर जाणारी फी-रॉयल्टी वजा करायची, म्हणजे भारतात झालेलं खरं काम ४० रुपयांचं, क्रेडिट त्याच्यावर. पण आम्ही एमएसएमई म्हणून त्याच गाइडलाइन्समध्ये १.५ चा मल्टिप्लायर आहे, म्हणजे क्रेडिट दीडपट धरतात, मग ४० चे झाले ६०. आता बघा, एकाच ब्रॅकेटचे तीन आकडे झाले, १०० चं बिल, ४० चं काम, ६० चं क्रेडिट, आणि तिन्ही खरेच आहेत, खोटं कोणीच बोललेलं नाही. डीआरडीओला, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेला, तंत्रज्ञान दिलं तर मल्टिप्लायर ३ पर्यंत जायचा. मल्टिप्लायर वाईट असं मी म्हणत नाही, छोट्या कंपन्यांकडे काम वळवायला तो हवाच, आमच्याकडे काम आलं त्यात त्याचा वाटा आहे. पण रिपोर्ट वाचताना आकडा मल्टिप्लायर लावून लिहिलाय की न लावता हे नाही बघितलं तर पुढचं सगळं विश्लेषण पाण्यात.

आणि हे ४० रुपये सिद्ध करायला किती कागद लागतात! पीओ (खरेदीची ऑर्डर), इनव्हॉइस, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), पैसे खरंच आले याचा बँकेचा पुरावा, सीएचं सर्टिफिकेट. तारखा आणि नावं तर डोळ्यांत तेल घालून बघायची, कारण पीओ जर ऑफसेट कराराच्या आधीचा निघाला तर तो धंदा तसाही होणारच होता, ऑफसेटमुळे आला असं कसं म्हणणार? तसंच करारात एका आयओपीचं नाव आणि माल दुसऱ्याकडून गेला, मंजुरी न घेता, तर क्लेम अडकलाच. हे सगळं मंत्रालयाच्या डिफेन्स ऑफसेट मॅनेजमेंट विंगकडे जातं, ही विंग २०१२ ला झाली. काम राहिलं तर उरलेल्या रकमेच्या ५ टक्के दरवर्षी दंड, मूळ खरेदी कराराच्या मुदतीत तो एकूण २० टक्क्यांच्या वर जात नाही, मुदतीनंतर मात्र ती मर्यादा उठते. हे वाचलं की कंपन्या शेवटच्या वर्षांत एवढी धावपळ का करतात ते लगेच कळतं.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट. पीओ आणि इनव्हॉइस मोजता येतात म्हणून खरेदीवाला, म्हणजे इथून माल विकत घेऊन पूर्ण केलेला, ऑफसेट सगळ्यांना सोपा वाटतो, तंत्रज्ञान मोजायला अवघड म्हणून ते मागे पडतं. राफेलच्या बाबतीत विक्रेत्यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये ३० टक्के ऑफसेट डीआरडीओला उच्च तंत्रज्ञान देऊन पूर्ण करू असं सुचवलं होतं, डीआरडीओला तेजसच्या देशी इंजिनसाठी मदत हवी होती, आणि कॅगने लिहिलं तोवर विक्रेत्याने ते देण्याचं पक्कं केलेलं नव्हतं. परदेशी विक्रेत्याने भारतीय उद्योगाला उच्च तंत्रज्ञान दिल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही असंही त्याच रिपोर्टमध्ये आहे. नागपूरच्या मिहानमध्ये दसॉल्ट-रिलायन्सचा कारखाना उभा राहिला, तिथे फाल्कन विमानांचे भाग बनतात, ते डोळ्याला दिसतं आणि मोजताही येतं. पण तिथल्या किंवा आमच्या मुलांना उद्या स्वतःहून नवीन पार्ट डिझाइन करता येईल का, त्याला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

दुसरे देश काय करतात तेही बघा. कॅनडात साधारण कराराच्या पूर्ण किमतीएवढं काम देशात आणावं लागतं आणि क्रेडिट कॅनेडियन हिश्श्यावरच, शिवाय २०१४ पासून बोली तपासतानाच देशाला काय मिळणार याला गुण आहेत, मला हे पटतं, कारण सही झाल्यावर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये काम जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषिक भागांत ६५, ३०, ५ अशा टक्क्यांत वाटलं जावं हेही मोजतात. आणि दक्षिण आफ्रिकेचा १९९९ चा शस्त्रसौदा तर प्रत्येक नवशिक्याने अभ्यासावाच, ६५ हजार नोकऱ्यांचं वचन होतं, आणि पोर्ट एलिझाबेथमधल्या स्विमिंग पूलवर खर्च करून पुढे येणाऱ्या स्वीडिश टुरिस्टांच्या नावावरही क्रेडिट घेतलं गेलं. टुरिस्ट आला तो पूलमुळे की समुद्रामुळे, कोण ठरवणार?

काय वाचायचं तर कॅगचा रिपोर्ट, २०१२ च्या गाइडलाइन्स, आणि २०२० ची डीएपी (संरक्षण खरेदीची नियमावली), या क्रमाने. डीएपी २०२० मध्ये सरकार-ते-सरकार आणि सिंगल व्हेंडर खरेदीतून ऑफसेट काढून टाकला, म्हणून आता यात काही उरलं नाही असं लोक सांगतील, पण जुने करार वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांचे क्लेम कोणीतरी तपासायचेच आहेत. अमेरिकेचं कॉमर्स खातं विकणाऱ्याच्या बाजूने दर वर्षी काँग्रेसला ऑफसेटचा रिपोर्ट देतं, तो सोबत वाचला की तोच सौदा समोरून कसा दिसतो ते कळतं. पुण्यात असाल तर विद्यापीठाचा संरक्षणशास्त्र विभाग आहे, दिल्लीत संरक्षण अभ्यासाची मनोहर पर्रीकर संस्था आहे. कॉमर्सवाल्यांनी कॉस्टिंग पक्कं करावं, यूपीएससीवाल्यांना डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिसचा रस्ता आहेच. आणि इंजिनिअर असाल तर पहिली नोकरी शक्यतो आयओपीकडे घ्या, भोसरी-चाकणला, पगार कन्सल्टन्सीपेक्षा कमी मिळेल पण बिल ऑफ एंट्री हातात धरून त्यातला ब्लॉक कुठल्या मशीनवर लागलाय हे शॉपफ्लोअरवर जाऊन बघता येईल. क्लेम तपासणाऱ्या माणसाला नेमकं हेच यावं लागतं.