एल्कच्या शिकारीसाठी ब्रॉडहेड निवडताना या चुका टाळा

कोलोरॅडोत सप्टेंबर म्हणजे धनुष्यबाणाने एल्कची (अमेरिकेतल्या मोठ्या हरणाची) शिकार करण्याचा महिना. बरेच जण ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) मात्र ऑगस्टच्या अगदी शेवटी घेतात. नवं टोक लावलं की धनुष्याचं ट्यूनिंग (बाण सरळ सुटावा म्हणून केलेली जुळणी) पुन्हा तपासावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून खरेदी जुलैतच करून टाका. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हे सगळं अमेरिकेत रीतसर लायसन्स काढून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी.)

पाकिटावरच्या रुंदीला भुलणं

मेकॅनिकल ब्रॉडहेडची पाती उडताना मिटलेली असतात आणि जनावराला लागल्यावर उघडतात. दोन इंच रुंद जखम कोणाला नको असते? पण पाती उघडायला आणि तेवढी रुंद वाट कापायला लागणारी ताकद बाणाच्याच ऊर्जेतून जाते. व्हाइटटेल हरणाच्या बरगड्यांतून असा बाण सहज आरपार जातो. प्रौढ नर एल्क मात्र तीनशे किलोच्या आसपास भरतो. त्याच्या फऱ्याच्या हाडावर किंवा तिरक्या कोनात बरगडीवर बसलेला बाण अर्ध्यात अडकू शकतो.

म्हणून आधी हिशेब करा. बाणाचं टोकासकट वजन ग्रेनमध्ये (बाणासाठी वापरतात ते वजनाचं छोटं एकक) घ्या, त्याला वेगाच्या (फूट प्रतिसेकंद) वर्गाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा. ४२५ ग्रेनचा बाण २६५च्या वेगाने जात असेल तर साधारण ६६ फूट-पाउंड ऊर्जा मिळते. ३५० ग्रेनचा बाण २३०च्या वेगाने गेला तर जेमतेम ४१. ईस्टन कंपनीच्या प्रचलित तक्त्यात एल्कसाठी ४२ ते ६५ फूट-पाउंड सांगितले आहेत. पहिल्या धनुष्यावर दीड इंचाचं मजबूत मेकॅनिकल चालून जाईल. दुसरं धनुष्य आधीच काठावर आहे, त्यामुळे तिथे एक-सव्वा इंचाचं, टोकापासूनच कापत जाणारं दोन पात्यांचं फिक्स्ड (न मिटणाऱ्या पात्यांचं) ब्रॉडहेड घ्या. आणि वेग धनुष्याच्या जाहिरातीतला धरू नका. तो ७० पाउंड ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारी ताकद), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढण्याचं अंतर) आणि ३५० ग्रेनच्या हलक्या बाणावर मोजलेला असतो. आपला बाण दुकानातल्या क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजून घ्या.

नियमही बघा. कोलोरॅडोत ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि निदान दोन पोलादी धारांचं लागतं, तर धनुष्याचं ड्रॉ वेट किमान ३५ पाउंड. ही कायद्याची किमान अट झाली. एल्कसाठी मी त्यावर कधीच समाधान मानणार नाही. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथलं यंदाचं नियमपत्रक वाचा, मेकॅनिकलबद्दल सगळीकडे एकच नियम नाही.

फक्त फील्ड पॉइंटवर (सरावाच्या, पाती नसलेल्या टोकावर) सराव करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती बाणाच्या पुढच्या टोकाला पंखांसारखी हवा धरतात. बाण सुटताना थोडासाही वाकडा असेल तर फील्ड पॉइंटच्या वेळी मागची पिसं ते सावरून घेतात, ब्रॉडहेड लावलं की सगळं उघडं पडतं. वीस यार्डांवर दोन्ही एकत्र लागतात आणि चाळीसवर पाच-सहा इंचांची फारकत होते.

अशा वेळी साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) हलवायची घाई करू नका. आधी बाण फिरवून बघा. टोक कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर टेकवा, शाफ्ट (बाणाची काडी) दोन बोटांत धरून भोवऱ्यासारखा फिरवा आणि नजर टोक आणि शाफ्टच्या सांध्यावर ठेवा. सांधा थरथरला तर तेच टोक दुसऱ्या शाफ्टवर लावा. थरथर टोकाबरोबर गेली तर ते टोक वाकलंय, बाजूला काढा. पहिल्याच शाफ्टवर राहिली तर शाफ्टचं तोंड काटकोनात घासलेलं नाही किंवा इन्सर्ट (टोक बसवायचा शाफ्टमधला तुकडा) तिरका बसलाय.

बाण सरळ असूनही ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागत असेल तर अ‍ॅरो रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) किंचित उजवीकडे सरकवा, वर लागत असेल तर खाली घ्या. म्हणजे ब्रॉडहेड जिकडे न्यायचं आहे तिकडे रेस्ट. एका वेळी १/३२ इंचच, आणि दर वेळी दोन्ही प्रकारचे तीन-तीन बाण मारून बघा. एका बाणावरून निष्कर्ष काढाल तर स्वतःच्या चुकलेल्या रिलीजमागे (बाण सोडण्याच्या चुकीमागे) धावत बसाल.

टोकाचं वजन मधेच बदलणं

१०० ग्रेनवरून १२५वर गेलात तर पुढचं वजन वाढल्याने सुटताना शाफ्ट जास्त लवतो. त्याचा स्पाइन (ताठपणा) काठावर असेल तर बाणांचा गट विस्कटतो. वजन वाढवायचंच असेल तर स्पाइनचा तक्ता पुन्हा बघा.

नवं म्हणजे धारदार असं समजणं

बाणाने जनावर मरतं ते रक्तस्रावाने. धारदार पात्याने रक्तवाहिनी स्वच्छ कापली की जनावर काही सेकंदांत कोसळू शकतं. बोथट पातं तीच रक्तवाहिनी बाजूला ढकलून पुढे जातं, आणि जखमी जनावर मैलोन् मैल चालत राहतं. ते टाळणं आपल्याच हातात आहे, त्यामुळे इथे हयगय नको. पाकिटातून काढलेली पातीही तपासा. खोक्याभोवती रबरबँड ताणून बसवा आणि त्यावर पातं नुसतं टेकवून ओढा. दाब न देता तुटला पाहिजे. फोमच्या टार्गेटमध्ये एकदा मारलेलं ब्रॉडहेड पुन्हा धार लावल्याशिवाय किंवा पाती बदलल्याशिवाय भात्यात ठेवू नका. सरावाचं एक टोक कायमचं वेगळं ठेवलं तर गोंधळ होत नाही. बसवताना-काढताना पाना वापरा, बोटांनी आवळू नका.

मेकॅनिकल वापरणाऱ्यांनी पाती धरून ठेवणारी रबरी रिंग किंवा प्लास्टिकची कॉलर दर सीझनला नवी घालावी. रबर जुनं झालं की चिरतं आणि पाती भात्यातच उघडतात.

रक्त कमी दिसलं की टोकाला दोष देणं

झाडावरच्या स्टँडवरून मारलेला बाण छातीत उंचावर लागला आणि खालून बाहेर पडला नाही, तर रक्त आतच साठतं. जमिनीवर थेंबही दिसत नाही. टोक कितीही रुंद असलं तरी तेच होईल, तिथे आरपार जाणारा बाण हवा. सापडलेल्या बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर तो फुप्फुसातून गेलाय, अर्धा तास थांबून माग काढा. रक्त गडद असेल तर यकृत, निदान चार तास थांबा. हिरवट, वास मारणारा चिकटा दिसला तर बाण पोटात लागलाय, आठ ते बारा तास थांबा. मग ते टोक पुसून नीट बघा: पातं कुठे वाकलं, मेकॅनिकल असेल तर दोन्ही पाती पूर्ण उघडली का. पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते यावरून ठरवा.