आर्ट्स घेतलंय ना? मग ही तीन-चार वर्षं अशी वापरा

मी बारावीनंतर बीएला इतिहास घेतला तेव्हा मोठे काका खास घरी आले आणि बाबांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, वाया कशाला घालवताय. आता दर जूनला कुणीतरी मला विचारतंच, ताई आर्ट्स घेऊ का, घरचे नको म्हणतायत. माझं म्हणणं एवढंच, घे, अगदी मनापासून घे, पण नुसती डिग्री घेऊन बाहेर पडू नको, एक तरी काम असं शीक जे आजूबाजूला फार कुणाला येत नाही.

इतिहास किंवा मराठी असेल तर आधी मोडी शीक, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती. सरकारच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, चौकशी कर. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ तर विसरूनच जा. पहिले पंधरा दिवस नुसत्या वेटोळ्या दिसतात आणि रडू येतं, खरंच येतं. मग एक दिवस "मौजे" ओळखू येतं, म्हणजे पुढे गावाचं नाव असणार, ते लागतं. मग "बिन" दिसतं, म्हणजे अलीकडे मुलगा आणि पलीकडे बाप, आणि कागद हळूहळू बोलायला लागतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेत, हजारो रुमाल आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, कारण कागद होते पण वाचणारे कमी. माझ्याकडे एक आजोबा जमिनीचा जुना कागद घेऊन आले होते, "बिन"च्या पुढचं नाव वाचलं तर ते त्यांच्या पणजोबांचं निघालं, त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

दुसरं म्हणजे गाईडवर राहू नको. आमचे एक सर वर्षभर गाईडच वाचून दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, त्यातलं आज काहीही आठवत नाही. पॉलिटिकल सायन्स असेल तर संविधान सभेतल्या चर्चा ऑनलाईन फुकट आहेत, निदान बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण पूर्ण वाच. इंग्रजी जड जाईल तर रोज एक पान, डिक्शनरी शेजारी ठेवून, चालतं. वाचलेल्यावर स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहायच्या, वर्षभरात लिहिण्यात केवढा फरक पडतो ते तुलाच दिसेल.

चित्रकलेकडे जायचं असेल तर गोष्ट वेगळी. बीएफए म्हणजे चित्रकलेची डिग्री, चार वर्षांची, आणि मुंबईचं जेजे आर्ट स्कूल किंवा दुसरीकडे कुठेही प्रवेश परीक्षेची चौकशी बारावी चालू असतानाच कर, निकालानंतर धावपळ नको. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर हात थोडा बसलेला असतो पण तेवढं पुरत नाही. स्टीलचा तांब्या, दोन कांदे आणि दुमडलेला टॉवेल खिडकीपाशी ठेव आणि रोज तासभर तेच काढ, जागा बदलून, वेळ बदलून. तांब्यात अख्खी खिडकी वाकडी होऊन दिसते, सावलीच्या आत पण थोडा उजेड असतो, हे पंधराव्या-विसाव्या ड्रॉईंगला दिसायला लागतं, आधी नाही दिसत. आणि हो, रंग-कागदाचा खर्च चार वर्षं चालूच असतो, फीमध्ये तो धरलेला नसतो, घरी आधीच सांगून ठेव.

आता घरच्यांचं. भांडू नको, त्यांची भीती पैशाचीच असते आणि ती खोटी नाही. एका कागदावर पुढचे रस्ते लिहून दाखव, बीए करून एमए आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या परीक्षा, बीए करून बीएड, म्युझियम आणि जुन्या कागदांची कामं, भाषांतर, किंवा बारावीनंतर थेट पाच वर्षांचं लॉ. प्रत्येकापुढे किती वर्षं आणि अंदाजे किती फी तेही लिही. एमपीएससीसाठी म्हणूनच आर्ट्स घेतेय असं मात्र सांगू नको, इतिहास-भूगोल तिथे कामाला येतात हे खरं, पण निकाल लागला नाही की सगळा दोष आर्ट्सवर येतो. माझे बाबा असाच कागद बघून तयार झाले, एका वर्षाच्या बोलीवर. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला ते स्वतःच सोबत आले.