मापाची फ्रेम की कारखान्याची? ट्रायल्स सायकल घेणाऱ्यांसाठी

ट्रायल्स सायकलवर पेडल किक (पेडलला झटका देऊन मागच्या चाकावर उडी) मारली की उजवीकडून ‘टिक’ असा आवाज यायचा. मागच्या चाकावर उभी असतानाच यायचा, दोन्ही चाकं टेकली की बंद. मी आधी पेडल बदललं, मग बीबीचे (पेडलच्या दांड्यांच्या धुरीचे) बेअरिंग, मग साखळी. यात तीन आठवडे गेले. शेवटी कामावरून डाय पेनिट्रंटचे (तड्यात शिरणाऱ्या रंगाचे) डबे मागून आणले, फ्रेम पुसून लाल रंग मारला, दहा मिनिटांनी तो पुसला आणि वरून पांढरं डेव्हलपर फवारलं. उजव्या चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकापर्यंतच्या नळीवर), बीबीच्या वेल्डला अगदी लागून, केसाएवढी लाल रेघ उमटली. व्हर्निअर लावला तर १८ मिमी. अ‍ॅल्युमिनियमची, कारखान्यात शेकड्याने निघालेली फ्रेम, १४ महिने वापरलेली.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात वडिलांच्या लेथशेजारी वाढले आणि गेली ११ वर्षं बर्मिंगहॅममध्ये एका कारखान्यात मोजमाप तपासणीचं काम करते. शनिवार-रविवार ट्रायल्स चालवते: पाय न टेकता दगड, लाकडी पॅलेट, कठडे यांवरून सायकल उड्या मारत न्यायची. २६ इंची चाकं, सीट नाही, एकच गिअर. परवा भाच्याने फोनवर विचारलं, “मावशी, कारखान्याची घेऊ का मापाची बनवून घेऊ?” त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

पहिली फ्रेम कारखान्याचीच घ्या. माझी तडकली तरी मी हेच म्हणते. मापाची फ्रेम घेणं म्हणजे कारागिराला आकडे देणं, आणि वर्षभर एका फ्रेमवर घाम गाळल्याशिवाय ते आकडे तुमच्याकडे नसतात. “जरा आटोपशीर पाहिजे” हा आकडा नव्हे. “व्हीलबेस १०८५ आहे तो १०५५ पाहिजे, चेनस्टे ३७८” हा आकडा (सगळं मिमीमध्ये; व्हीलबेस म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर).

तसा हा खेळ मुळात मापाच्या सायकलीतूनच जन्मला. स्पेनमध्ये मोन्तेसा मोटरसायकलवर ट्रायल्स गाजवणारे पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याच्यासाठी मोटरशिवायच्या ट्रायलचा खटाटोप सुरू केला. त्यातून मॉन्टी सायकली आल्या आणि ओट पुढे जगज्जेता झाला. बापाने पोराकडे बघून सायकल केली. शेकड्याने फ्रेम निघायला लागल्यावर मात्र माप कुणातरी सरासरी चालकाचं धरावं लागतं. माझी उंची १५६ सेंटिमीटर आहे. त्या सरासरीत मी बसत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. का बसत नाही, हे कळायला वर्ष लागलं.

आता मोजायचं कसं ते सांगते. मोजताना घाई करू नका.

सायकल सपाट फरशीवर, दोन्ही चाकांत नेहमीची हवा भरून, भिंतीला समांतर उभी करा. दोन्ही अ‍ॅक्सलची जमिनीपासूनची उंची घ्या, मग बीबीच्या मध्याची. अ‍ॅक्सलच्या रेषेपेक्षा बीबी जितका वर, तो बीबी राइझ. साध्या सायकलीत बीबी त्या रेषेच्या खाली असतो, ट्रायल्समध्ये वर. २६ इंचीत साधारण +३० ते +७० दिसतो. बीबी वर गेला की सायकल मागच्या चाकावर चटकन येते, पण तिथे उभं राहणं नाजूक होतं. खाली असला तर सायकल शांत राहते, उचलायला मात्र जास्त ओढावं लागतं. मग चेनस्टे: बीबीच्या मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत. मग व्हीलबेस, हँडल सरळ ठेवून. हेड ट्यूबचा (हँडलची दांडी जिच्यातून जाते त्या नळीचा) कोन फोनमधल्या लेव्हलवर घेतला तरी अर्ध्या अंशापर्यंत समजतो. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा. तिन्ही वेगळे आले तर तुमची पद्धत चुकते आहे.

पैसे खर्च करायच्या आधी स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) बदलून बघा. माझा १७५ मिमीचा होता, मी १५० चा लावला. पुढचं चाक उचलणं एकदम सोपं झालं. पण कठड्यावर पुढचं चाक टेकवून मागचं वर ओढताना वजन पुढे जाईना, कारण हात मागे आले होते आणि चाक होतं तिथेच. तेव्हा उलगडा झाला: मला स्टेम नव्हे, बीबीपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतरच कमी हवं होतं. ते फ्रेमशिवाय बदलत नाही. तुमचा त्रास स्टेमने, हँडलने किंवा हवा कमी-जास्त केल्याने गेला, तर मापाच्या फ्रेमचा विचार तिथेच थांबवा. ते पैसे ब्रेक आणि टायरवर घाला.

फोर्कचंही (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याचंही) तसंच. फोर्क १० मिमीने उंच केला की २६ इंचीत हेडचा कोन अर्ध्या अंशाने झोपतो आणि बीबी तीन-साडेतीन मिमी वर येतो. म्हणून कारागिराला फ्रेमची मापं देताना फोर्कची उंची सांगितलीच पाहिजे, नाहीतर बाकीचे आकडे हवेत राहतात.

कशाची फ्रेम, हा प्रश्न बहुतेक जण वजनावर सोडवतात. मी भट्टीवर सोडवते. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमला वेल्ड मारला की जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो. ती ताकद परत आणायची तर पूर्ण फ्रेम ५३० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून झटकन थंड करावी लागते, मग १७५ अंशांच्या आसपास काही तास ठेवावी लागते. या तापवण्या-थंड करण्यात फ्रेम वाकते, ती सरळ करावी लागते. कारखान्याला हे परवडतं: भट्टी आहे, जिग (नळ्या जागेवर पकडणारा साचा) आहे, माणसं आहेत. ७००५ मिश्रधातूत पहिली पायरी टाळता येते, दुसरी नाही. एकट्या कारागिराकडे फ्रेम मावेल एवढी भट्टी सहसा नसते. तो अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम करून देतो म्हणाला तर पहिला प्रश्न विचारा: हीट ट्रीटमेंट कुठे करता? उत्तर स्पष्ट आलं नाही तर नमस्कार करून निघा.

म्हणूनच मापाच्या ट्रायल्स फ्रेम जास्त करून स्टीलच्या असतात. ४१३० क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलची) पातळ नळी टिग वेल्डिंगने जोडली की पुढे भट्टी लागत नाही. पेरूमध्ये लिमाच्या मारिनो या फ्रेम बनवणाऱ्यांनी याच रस्त्याने जगभरातल्या ट्रायल्सवाल्यांना मागणीबरहुकूम फ्रेम दिल्या. माझ्या घराजवळची रेनॉल्ड्स कंपनी टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळ्यांसाठी १८९८ पासून प्रसिद्ध आहे. त्यांची ८५३ नळी तर वेल्डनंतर हवेत थंड होताना जोडापाशी आणखी कणखर होते. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्याखालचे ताण कितीही वेळा आले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी रेषा नाही, त्यात प्रत्येक उडी खात्यावर जमा होते. आणि स्टील तडकलं तर दुरुस्त होतं. किंमत मोजावी लागते वजनात. माझी जुनी फ्रेम १.७५ किलो होती, आताची स्टीलची २.४५. साइड हॉपच्या (बाजूला उडी मारण्याच्या) वेळी ते ७०० ग्रॅम खांद्यांना पहिला महिनाभर जाणवत होते. स्पर्धेत दर सेंटिमीटरसाठी झगडणाऱ्याला ते जाणवतच राहतील. त्याने हलकी अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी आणि ती खर्ची पडणारी वस्तू आहे असं धरून चालावं.

कारखान्याच्या फ्रेमवरच्या स्टिकरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. आयएसओ ४२१० हे सायकलींचं सुरक्षा मानक आहे, त्यातल्या एका चाचणीत पेडलवरचा जोर एक लाख वेळा लावून बघतात. चाचणी चांगली आहे, पण कसरतीच्या आणि स्पर्धेच्या सायकली त्या मानकाच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा तो आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. वॉरंटीचा कागद घेण्याआधी वाचा, घेतल्यावर नव्हे. मला तडा सापडला तेव्हा विक्रेत्याने ‘वापर अतिरेकी’ म्हणून हात वर केले. ट्रायल्सच्या सायकलीवर ट्रायल्स केल्याबद्दल हे ऐकावं लागणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

मापाची मागवायची ठरली तर बोलण्यावर ठेवू नका, चित्र काढून द्या. त्यात प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत हे बाण मारून दाखवा. माझ्या फ्रेममध्ये इथेच घोटाळा झाला. मी लिहिलं, चेनस्टे ३७८. माझ्या मनात होतं ड्रॉपआउटच्या (मागचा अ‍ॅक्सल बसतो त्या पत्र्याच्या) खाचेचा मध्य. कारागिराने धरलं खाचेचं पुढचं टोक. खाच १६ मिमीची, म्हणजे अ‍ॅक्सल मधे बसवल्यावर चेनस्टे ३८६ झाली. या खेळात आठ मिमी म्हणजे वेगळीच सायकल. साखळीत हाफ-लिंक घालून वाचले: अर्धा दुवा साखळी १२.७ मिमीने बदलतो, अ‍ॅक्सल त्याच्या निम्म्याने, ६ मिमीच्या थोडं वर सरकतो. खाच १३ मिमीपेक्षा लहान घेऊच नका, नाहीतर पुढच्या-मागच्या दातांच्या एखाद्या जोडीला साखळी कधी ताठ बसणारच नाही.

चित्रावर हेही हवं: मागच्या हबची रुंदी (२६ इंचीला १३५ मिमी, २० इंचीला बहुधा ११६), बीबी शेलची (बीबी बसतो त्या नळीची) रुंदी आणि आटे, हेड ट्यूबचा व्यास, टायर केवढा मावायचा, आणि ब्रेक कुठला. रिमवरचा हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चार बोल्टचे माउंट, डिस्क असेल तर तिचे. रंग फिकट सांगा. काळ्या रंगावर तडा दिसत नाही.

फ्रेम हातात आली की पार्ट चढवायच्या आधी तपासा. मागच्या एका ड्रॉपआउटला दोरी बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा, ताठ करा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. माझ्या मते १ मिमीपेक्षा जास्त फरक स्वीकारू नये. वडील लेथचा बेड आधी दोरीनेच बघायचे. ही तपासणी मापाच्या फ्रेमची करा तशीच कारखान्याच्या फ्रेमचीही करा. पुढे दर पंधरा दिवसांनी फ्रेम पुसून, बॅटरीचा उजेड आडवा टाकून चार जागा बघा: हेड ट्यूबखालचा डाउन ट्यूबचा (खालच्या तिरक्या नळीचा) जोड, बीबीजवळची चेनस्टे, ब्रेकचे माउंट, ड्रॉपआउट. आवाज आला तर पार्ट बदलत बसू नका, आधी हे बघा.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: “आपल्या उद्यमनगरात करून मिळंल काय?” हात आहेत, शंकाच नाही. पण खुर्च्या-गेटची ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून जोडलेली) नळी चालणार नाही, सीमलेस (बिनजोडाची) ४१३० आणा. जिग आधी, फ्रेम नंतर. टिगला ईआर७०एस-२ ची काडी. जोड आपोआप थंड होऊ द्या, पाणी किंवा ओलं फडकं लावलं की तो ठिसूळ होतो. वेल्डरला हे तोंडावर सांगायला लाजू नका.

तो मात्र आधी कारखान्याचीच घेतोय, जुन्या बाजारातून, २६ इंची. काल मापं पाठवली. बीबी राइझ तीनदा मोजलाय: ३१, ३१, ३२. त्याला ३५ हवा आहे. मी लिहिलं, १० मिमी उंच फोर्क कुणाकडून उसना मिळाला तर महिनाभर चालवून बघ, आणि हेडचा कोन पुन्हा मोज.