लोकक्षोभ असलेल्या खुनाच्या खटल्यात बचावाचे काम कसे करावे

ज्याच्या विरोधात सारे जनमत पेटलेले आहे अशा आरोपीचे वकीलपत्र समोर आले की 'खून यानेच केला असेल का' हा प्रश्न मनात आधी येतो आणि वकिलाने आधी बाजूला ठेवायचा असतो तोही हाच, कारण त्याचे उत्तर देणे न्यायालयाचे काम आहे. आपण स्वतःला विचारावे ते एवढेच, की सरकारपक्षाचा पुरावा या माणसाच्या वतीने मी पूर्ण ताकदीने तपासू शकेन का? मृताशी किंवा साक्षीदाराशी नाते असेल, अथवा मनातील घृणेमुळे उलटतपासणीत हात आखडता घेतला जाणार असेल, तर स्पष्ट नकार द्यावा. अर्ध्या मनाने चालवलेला बचाव नकारापेक्षा वाईट. नुसत्या लोकलज्जेपायी नकार देण्याची मोकळीक मात्र सर्वत्र नसते. इंग्लंडमधील बॅरिस्टर आणि भारतातील वकील यांनी, योग्य फी मिळत असेल आणि विशेष अडचण नसेल, तर काम स्वीकारावे असा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. विशिष्ट आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे बार असोसिएशनचे ठराव भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात बेकायदा ठरवले आहेत.

पहिल्याच भेटीत अशिलाला दोन गोष्टी सांगाव्यात: झालेल्या घटनेबद्दल तो जे सांगेल ते आपल्यापाशीच राहील, आणि खोटा साक्षीदार किंवा खोटा कागद आपण न्यायालयापुढे आणणार नाही. काही वकील 'खरे काय घडले' हे विचारायचेच टाळतात, म्हणजे पुढे हात मोकळे राहतात. मला ही पळवाट वाटते, शिवाय ती धोक्याचीही आहे. जे वकिलाला ठाऊक नसते ते सरकारी वकिलाला ठाऊक असू शकते.

अशिलाने कबुली दिली तर काय करावे, यासाठी लंडनमधील १८४० चा कूर्वाझिए खटला बारकाईने पाहावा. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा आरोप त्यांच्याच नोकरावर, कूर्वाझिएवर, होता. खटला चालू असताना घरातून गेलेली चांदीची भांडी सापडली, नवी साक्षीदार पुढे आली, आणि कूर्वाझिएने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांना खून केल्याचे सांगितले. तरीही बचाव चालूच ठेवा, असा त्याचा आग्रह होता. फिलिप्स यांनी न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला, तेव्हा खटला सोडू नका, पुराव्यातून निघणारे सर्व रास्त युक्तिवाद करा, असे उत्तर मिळाले. सल्ला योग्यच होता, पण विचारण्याची जागा चुकली, कारण खटला ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या कानावर अशिलाची कबुली जाता कामा नये. पुढे फिलिप्स यांच्यावर टीकेची झोड उठली ती मुख्यतः त्यांनी निरपराध मोलकरणीकडे संशयाचे बोट वळवले या आरोपावरून. तेव्हा कबुलीनंतरही 'पंचनाम्यात विसंगती आहे, साक्षीदाराला अंधारात चेहरा दिसणे शक्य नव्हते, गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झालेला नाही' असे जरूर म्हणावे. 'खून दुसऱ्या अमक्याने केला' असे म्हणू नये.

अशीलच खोटी साक्ष द्यायला निघाला तर त्याला आधी एकांतात रोखावे. अमेरिकेत व्हाइटसाइड नावाच्या आरोपीने सुरुवातीला, मृताच्या हातात पिस्तूल आहे असे वाटले, पण प्रत्यक्ष दिसले नाही, असे सांगितले होते. साक्षीच्या आधी मात्र त्याला 'काहीतरी धातूचे' दिसल्याचे आठवू लागले. असे बोललास तर न्यायालयाला कळवीन, अशी ताकीद वकिलाने दिली आणि त्यामुळे आरोपीच्या वकील मिळण्याच्या हक्काला बाध येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले. न्यायालयाला नेमके किती आणि कसे कळवायचे याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून आपल्या बार कौन्सिलचे नियम आधीच वाचून ठेवावेत.

बाहेरच्या रोषाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या कृत्याशी एकरूप मानू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या वकिलांच्या भूमिकेविषयीच्या १९९० च्या मूलतत्त्वांत म्हटले आहे; लोक तसे मानतातच. कॅमेऱ्यासमोर अशिलाच्या निर्दोषपणाची वैयक्तिक हमी देऊ नये आणि मृताच्या चारित्र्यावर बोलू नये. मृताच्या आईची उलटतपासणी घ्यावी लागलीच, तर घटनेची वेळ, अंतर, ओळख एवढेच विचारावे आणि खाली बसावे.

जिथे फाशीची शक्यता आहे तिथे शिक्षेच्या युक्तिवादाची तयारी दोषसिद्धीची वाट न पाहता सुरू करावी. शिकागोमध्ये १९२४ साली बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी खुनाचे आरोपी लिओपोल्ड व लोब यांना गुन्हा कबूल करायला लावून सारा भर शिक्षेवर ठेवला आणि दोघांची फाशी टळली. यासाठी आरोपीच्या बालपणाच्या नोंदी, शाळेचे दाखले, वैद्यकीय कागद आणि त्याला जवळून ओळखणाऱ्यांची नावे पहिल्या महिन्यापासूनच गोळा करावी लागतात, कारण निकाल लागल्यावर शिक्षेच्या सुनावणीसाठी मिळणारा वेळ अनेकदा फारच थोडा असतो.