गेम स्ट्रीम करताना या चुका टाळा: बिटरेटला हात लावण्याआधी तीन आकडे बघा

चॅटमध्ये एकाने "भाऊ, लॅग होतोय" लिहिलं की मिनिटभरात आणखी पाच जण तेच लिहितात. स्ट्रीमर गेम सोडून बाहेर येतो आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, कमी करतो. चित्र धूसर होतं, अडकणं मात्र तसंच राहतं. मग रिझोल्युशन, मग एन्कोडर, मग कुठल्याशा व्हिडिओतली 'बेस्ट सेटिंग्ज'. तासाभराने मूळ सेटिंग काय होतं तेही आठवत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पीसीवरचे गेम दाखवणारे बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून इथे तोच धरून चाललो आहे. २०१२ पासूनचा, फुकट आणि ओपन सोर्स. स्ट्रीमलॅब्ज डेस्कटॉप वापरत असाल तरी त्याचा पाया ओबीएसचाच आहे, त्यामुळे बराचसा भाग लागू पडेल.

सगळे लॅग एकच समजणं

ओबीएसच्या डॉक्स मेनूत 'स्टॅट्स' नावाची छोटी खिडकी आहे. ती उघडून दुसऱ्या मॉनिटरवर किंवा प्रिव्ह्यूच्या बाजूला कायमची लावून टाका. तिच्यात फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, वाया जाण्याचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

पहिला आकडा रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेमचा. हा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डाला श्वास घ्यायला जागा नाही. तुमचा गेम, वेबकॅम, ओव्हरले, अलर्ट हे सगळं एकत्र करून एक चित्र बनवण्याचं काम ओबीएस ग्राफिक्स कार्डावरच करतो. गेमने कार्ड ९९ टक्के व्यापलं असेल तर ओबीएसचा नंबरच लागत नाही. इथे लोक हमखास म्हणतात, "पण माझा गेम तर २०० एफपीएसवर (सेकंदाला २०० फ्रेम) लोण्यासारखा चालतोय!" तेच तर कारण आहे. मोकाट सोडलेला गेम मिळेल तेवढं कार्ड खातो. त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं आणि बघणाऱ्याला मात्र धक्के बसतात. गेममध्ये एफपीएसला मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४४, त्यानेही भागलं नाही तर १२०. वापर ८५-९० टक्क्यांच्या आसपास आला की हा आकडा बहुधा थांबतोच. विंडोजवर ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला तर त्याला ग्राफिक्स कार्डावर अग्रक्रम मिळतो. हे दोन उपाय करून बघण्याआधी नवीन कार्ड घ्यायला निघू नका.

दुसरा आकडा एन्कोडिंग लॅगमुळे गाळलेल्या फ्रेमचा. खाली 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' असा इशाराही येतो. चित्र तयार आहे, पण ते दाबून पाठवण्याजोगं करणारा एन्कोडर मागे पडतोय. याचं नेहमीचं कारण म्हणजे एक्स२६४, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर, आणि वरून प्रीसेट, म्हणजे किती वेगाने दाबायचं ते ठरवणारं सेटिंग, 'मीडियम'. हा सल्ला जुन्या व्हिडिओंतून अजून फिरतोय. तो खेळायला एक आणि स्ट्रीमला दुसरा पीसी असणाऱ्यांसाठी ठीक होता. एकाच पीसीवर खेळत असाल तर एनव्हिडियाचा एनव्हेंक, एएमडीचा हार्डवेअर एन्कोडर किंवा इंटेलचा क्विक सिंक निवडा. ही कामं चिपच्या वेगळ्या भागात होतात, गेमला त्याची फारशी झळ लागत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी कोणी सांगत नाही. जीटी १०३० या कार्डात एनव्हेंक नाहीच, तेव्हा यादीत तो का दिसत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसू नका. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात अंगचे ग्राफिक्स नसतात, म्हणून क्विक सिंकही नसतो. हजार-दोन हजार वाचवायला एफ घेतला आणि कार्ड जीटी १०३० लावलं, तर स्ट्रीमसाठी फक्त एक्स२६४ उरतो. मग प्रीसेट 'व्हेरीफास्ट' ठेवा, ७२०पी ३० वर (म्हणजे ७२० ओळींचं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम) समाधान माना. त्यातही चांगली स्ट्रीम होते, विशेषतः बुद्धिबळ, स्ट्रॅटेजी किंवा शेतीचे गेम असतील तर.

तिसरा आकडा नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेमचा. तिघांपैकी फक्त इथेच बिटरेट कमी करणं हा थेट उपाय आहे, आणि तोही शेवटचा. आधी वायफाय सोडून लॅनची वायर लावा. राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत असेल तर वीस-तीस मीटरची केबल काही फार महाग पडत नाही. मग बघा की त्याच वेळी घरातलं आणखी कोण अपलोड करतंय. संध्याकाळी आईचा फोन वायफायला जोडला गेला की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, आणि बरोबर तेव्हाच ओबीएसच्या खालच्या पट्टीतली नेटची खूण बिघाड दाखवायला लागते. स्पीड टेस्टच्या आकड्यावर भाळू नका. ती काही सेकंदांचा वेग मोजते, स्ट्रीमला तीन तास सारखा वेग लागतो. अपलोड १० एमबीपीएस दिसत असेल तर स्ट्रीमला सहाच्या वर नेऊ नका. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये गर्दी झाली की बिटरेट आपोआप खाली आणण्याची सोय आहे, ती चालू केली तर चित्र थोडा वेळ बिघडतं, पण स्ट्रीम तुटत नाही.

तिन्ही आकडे शून्याजवळ असूनही चॅटमध्ये तक्रार आहे? मग अडचण बघणाऱ्याकडे असू शकते. ट्विच या गेम स्ट्रीमिंगच्या साइटवर छोट्या चॅनेलला कमी क्वालिटीचे पर्याय मिळतीलच याची खात्री नसते. तुम्ही ६००० केबीपीएस पाठवलं आणि ते पर्याय मिळाले नाहीत तर मोबाइल डेटावरच्या माणसालाही ६००० च घ्यावं लागतं, म्हणजे तासाला साधारण २.७ जीबी. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर तो तुमची स्ट्रीम शेवटपर्यंत बघणं शक्यच नाही. यूट्यूब कमी क्वालिटीचे पर्याय स्वतः बनवून देतो, पण तिथे 'अल्ट्रा लो लेटन्सी' (तुमच्या खेळात आणि बघणाऱ्याच्या स्क्रीनमध्ये कमीत कमी उशीर) ठेवली असेल तर बघणाऱ्याकडे बफर फार थोडा उरतो आणि जरा नेट हललं की चक्र फिरायला लागतं. चॅटशी क्षणाक्षणाला बोलायचं नसेल तर 'लो' किंवा 'नॉर्मल' ठेवा.

धूसर चित्राला लॅग म्हणणं

चित्र अडकत नाही, पण हालचाल झाली की चौकटी-चौकटी दिसतात. ही तक्रार पूर्णपणे वेगळी आहे आणि इथे थोडं गणित करावं लागतं. १०८०पी ६० म्हणजे सेकंदाला १२.४४ कोटी पिक्सेल. ७२०पी ६० म्हणजे ५.५३ कोटी. बिटरेट दोन्हीकडे ४५०० केबीपीएस असेल तर १०८०पी मध्ये तेवढेच बिट सव्वादोन पट पिक्सेलांत वाटले जातात. म्हणून ४५०० वर १०८०पी ६० पाठवणाऱ्यापेक्षा ७२०पी ६० पाठवणाऱ्याची स्ट्रीम जास्त स्वच्छ दिसते. फोनवर बघणाऱ्याला तर फरक कळतही नाही. तरीही नव्या स्ट्रीमरला सेटिंगमध्ये १०८० दिसलंच पाहिजे असतं. हा हट्ट सोडा.

गेम कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. व्हॅलोरंटच्या सपाट भिंती थोडक्या बिटांत भागवतात. जीटीए ५ मध्ये पावसात गाडी पळवली किंवा बॅटल रॉयलमध्ये गवतातून रांगलात, की प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच बदलतं आणि तोच बिटरेट अपुरा पडतो. म्हणून दुसऱ्याच्या सेटिंगची नक्कल करताना तो काय खेळतो ते आधी बघा.

ट्विच १०८०पी ६० साठी ६००० केबीपीएस सुचवतो. यूट्यूबची भूक मोठी आहे. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या नेहमीच्या पद्धतीत १०८०पी ६० ला १२ एमबीपीएस आणि ७२०पी ६० ला ६ एमबीपीएस. याउलट आरटीएक्स ४० मालिकेसारखं एव्ही१ या नव्या पद्धतीचा एन्कोडर असलेलं कार्ड असेल तर यूट्यूबवर तो निवडा, कमी बिटरेटमध्ये जास्त चांगलं चित्र मिळतं. ट्विचचा ६००० चा सल्ला बघून यूट्यूबवर १०८०पी ६० पाठवलं की चित्र चिखलासारखं दिसतं, आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

बाकीच्या बाबतीत डोकं फार चालवू नका: रेट कंट्रोल सीबीआर (म्हणजे बिटरेट सतत एकसारखा), कीफ्रेम इंटरव्हल (पूर्ण चित्र असलेल्या दोन फ्रेममधलं अंतर) २ सेकंद. कीफ्रेम शून्य म्हणजे ऑटोवर राहिला तर यूट्यूबच्या पानावर पिवळा इशारा येऊ शकतो आणि लोक त्यावरून नेटवाल्याला फोन लावतात.

लॅपटॉपवर काळी स्क्रीन आली की ओबीएस पुन्हा टाकणं

पुन्हा टाकून काही होत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. गेम एनव्हिडियावर चालतो आणि ओबीएस प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर उघडतो, मग गेम कॅप्चरला काळं दिसणारच. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं आत जा, यादीत ओबीएस जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. ओबीएस बंद करून पुन्हा उघडा. याच्या उलट, अख्खी स्क्रीन दाखवणारं डिस्प्ले कॅप्चर काळं येत असेल तर 'पॉवर सेव्हिंग' करून बघा.

तसं पाहिलं तर गेमसाठी डिस्प्ले कॅप्चर वापरूच नये. मध्येच बँकेचा ओटीपी किंवा घरच्यांचा व्हॉट्सॲप मेसेज उजव्या कोपऱ्यात आला की तो सगळ्या चॅटने वाचलेला असतो. स्ट्रीम की, म्हणजे ओबीएसला तुमच्या चॅनेलशी जोडणारा गुप्त कोड, दिसली तर त्याच क्षणी रीसेट करा, त्या कीने कोणीही तुमच्या चॅनेलवर लाईव्ह जाऊ शकतं.

आवाजाकडे शेवटी बघणं

चित्र थोडं खराब असलं तर माणूस बघत राहतो. आवाज कर्कश असला की दहा सेकंदांत जातो. तरी सगळा खर्च वेबकॅम आणि आरजीबी दिव्यांवर होतो.

ओबीएसच्या मिक्सरमध्ये तुमचं नेहमीचं बोलणं पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलमध्ये नाचलं पाहिजे. गेमचा आवाज त्याच्या बराच खाली, हिरव्यात. क्लच मारल्यावर, म्हणजे हरत आलेला डाव एकट्याने जिंकल्यावर, ओरडणार असाल, आणि ओरडणारच, तर माईकवर लिमिटर फिल्टर लावा, तो आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ देत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरू नका. माईक सुरू झाला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो, तुमचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो आणि गेमचा आवाजही बसतो. पाचशे रुपयांचा वायरचा माईक त्याहून बरा.

आवाज रोबोटसारखा फाटतोय किंवा हळूहळू चित्राच्या मागे पडतोय? विंडोजमध्ये माईकचा सॅम्पल रेट ४४.१ आहे आणि ओबीएसमध्ये ४८ किलोहर्ट्झ, असं आहे का बघा. सगळीकडे ४८ करा. आवाज दोनदा येत असेल तर डेस्कटॉप ऑडिओ चालू असताना तोच आवाज वेगळ्या सोर्समधूनही घेतलेला असतो. एक बंद करा.

आणि पंखा. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर-नागपूरकडे पंखा बंद करून कोणी तीन तास बोलू शकत नाही, तेव्हा नॉइज सप्रेशनमध्ये 'आरएननॉइज' लावा, घरघर बऱ्यापैकी कापली जाते. काही जण त्याऐवजी नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) लावतात आणि तो इतका कडक ठेवतात की हळू बोललेल्या शब्दांची सुरुवातच गायब होते. लाईव्ह जाण्याआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून फोनवर, इअरफोन न लावता ऐका. तुमचे बरेच प्रेक्षक तसंच ऐकतात.

लाईट जाणारच नाही असं गृहीत धरणं

पीसीला यूपीएस असतो, राउटर मात्र भिंतीतल्या सॉकेटवर. लाईट गेली की पीसी चालू आणि स्ट्रीम बंद. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्यावर घ्या.

यूट्यूब स्टुडिओत 'ऑटो-स्टॉप' बंद ठेवा. तो चालू असेल तर नेट गेल्यावर स्ट्रीम संपल्याचं धरलं जातं, आणि तुम्ही परत येता तेव्हा लिंक नवी, प्रेक्षक शून्य. बंद असेल तर ओबीएस पुन्हा जोडला गेल्यावर त्याच लिंकवर खेळ सुरू राहतो. सोबत रेकॉर्डिंग करत असाल तर एमकेव्ही निवडा. साध्या एमपी४ मध्ये मध्येच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून (पुन्हा एन्कोड न करता) त्याचं एमपी४ करता येतं. बारा तासांहून लांब स्ट्रीम यूट्यूब साठवून ठेवेलच असं नाही, मॅरेथॉन करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

पहिल्याच दिवशी वेळ जाहीर करणं

यूट्यूबवर लाईव्हची परवानगी पहिल्यांदा चालू करायला २४ तास लागू शकतात. इन्स्टाग्रामवर 'आज रात्री ९ वाजता' टाकून ८.५० ला बटण दाबणारे दर आठवड्याला सापडतात. जुलै २०२५ पासून एकट्याने लाईव्ह जायला वय १६ पूर्ण लागतं, नववीतल्या मुलांनी घरच्या मोठ्यांना सोबत घ्यावं. पहिली स्ट्रीम 'अनलिस्टेड' ठेवून अर्धा तास चालवा आणि सगळ्यात जड गेम त्यातच खेळा. मेनू स्क्रीनवर टेस्ट करून काही कळत नाही.

एवढं करूनही अडलंच, तर मदत मागताना "लॅग होतोय, काय करू" असं विचारू नका. अडचण आली ती स्ट्रीम थांबवा, ओबीएसच्या हेल्प मेनूत लॉग फाइल्समध्ये जाऊन चालू लॉग अपलोड करा. मिळालेली लिंक ओबीएसच्याच लॉग ॲनालायझरमध्ये उघडली की लाल, पिवळ्या सूचना समोर येतात, आणि मदत करणाऱ्यालाही तुमचं कार्ड, एन्कोडर आणि वाया गेलेल्या फ्रेम न विचारता दिसतात.