जुन्या स्टॅन्ली रंध्याचे वय ठरवताना या चुका टाळा

जुना बिडाचा रंधा हाती आला की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा असतो, आणि बहुतेक जण त्याचे उत्तर पात्यावर शोधतात. चुकीची सुरुवात तिथेच होते. पाते हा झिजणारा भाग आहे. धार लावून लावून ते आखूड झाले की सुतार नवे पाते बसवतो आणि तोच रंधा पुढे कित्येक वर्षे वापरतो. म्हणून पात्यावरचा शिक्का पात्याचे वय सांगतो. रंधाही त्याच वयाचा असेल, असे मात्र नाही.

इथे विचार केला आहे तो अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, न्यू ब्रिटन येथे बनलेल्या स्टॅन्ली कंपनीच्या बेली रंध्यांचा. लिओनार्ड बेली यांची पेटंटे स्टॅन्लीने १८६९ मध्ये घेतली आणि पुढे अनेक दशके या रंध्यांचे बारीकसारीक भाग बदलत नेले. त्या बदलांवरूनच आज वय काढता येते.

समजा, पाच नंबरचा एक रंधा समोर आहे. त्याच्या पात्यावर हृदयाच्या आकृतीत ‘एस डब्ल्यू’ ही अक्षरे आहेत. हा शिक्का साधारण १९२० ते १९३५ या काळातला असल्याने रंधाही तेव्हाचाच, असे वाटते. लिव्हर कॅप, म्हणजे पाते वरून दाबून धरणारा भाग, त्याचे छिद्र मात्र मूत्रपिंडाच्या आकाराचे आहे आणि तसे छिद्र १९३३ पासून येऊ लागले. त्याआधी ते किल्लीच्या भोकासारखे असे. आता फ्रॉग, म्हणजे पाते ज्यावर टेकते तो तिरका आधार, त्याच्या मागे पाहावे. तिथे बिडात तीन पेटंट-तारखा ओतलेल्या आहेत आणि पुढची मूठ बुटकी आहे. ही दोन्ही लक्षणे मिळून १९१० ते १९१८ या काळाकडे बोट दाखवतात. म्हणजे अंग, अर्थात बिडाचा मुख्य भाग, सर्वांत जुने, पाते नंतरचे आणि लिव्हर कॅप त्याहूनही नंतरची. अशा रंध्याचे वय अंगावरून आणि फ्रॉगवरूनच ठरवावे, कारण ते सहसा कोणी बदलत नाही.

त्या तारखाही नीट वाचाव्या लागतात. अमेरिकी पद्धतीत आधी महिना, मग दिवस आणि शेवटी वर्षाचे दोन अंक येतात. ‘एप्रिल-१९-१०’ म्हणजे १९ एप्रिल १९१०, आणि तो दिवस पेटंट मिळाल्याचा आहे, रंधा बनल्याचा नव्हे. रंधा त्या तारखेआधीचा असू शकत नाही, एवढेच त्यावरून निश्चित होते. हीच तारीख १९२० च्या दशकातल्या रंध्यांवरही सापडते. अंगावरचा ४ किंवा ५ हा आकडा तर केवळ आकार दाखवतो.

एखादा भाग नाही, यावरून निष्कर्ष काढताना विशेष सावध राहावे. पाते डावी-उजवीकडे कलवणारी पट्टी स्टॅन्लीने १८८५ च्या सुमारास बसवायला सुरुवात केली, म्हणून पट्टी नसलेला रंधा त्याआधीचा ठरवला जातो. परंतु ती पट्टी फ्रॉगला रिव्हेटने जोडलेली असते आणि तुटून पडू शकते. फ्रॉगच्या वरच्या भागात रिव्हेटचे भोक दिसले, तर तो रंधा पट्टीचाच होता.

युद्धकाळातल्या रंध्यांवर तर मला वाटते अन्यायच होतो. १९४२ ते १९४५ या वर्षांत पितळेची टंचाई होती, म्हणून पाते खाली-वर करणारे पितळी चाक कडक रबराचे आले आणि मुठींना रोझवूडऐवजी रंगवलेले साधे कठीण लाकूड वापरले गेले. ‘कोणीतरी हलके भाग बसवले’ असे समजून लोक नवे पितळी चाक लावतात आणि त्या काळाची खूणच पुसून टाकतात.

संग्राहकांनी केलेली ‘टाइप’ची वर्गवारी, म्हणजे भागांच्या बदलांनुसार रंध्यांचे काळाप्रमाणे पाडलेले गट, उपयोगी आहे, पण ती नंतर तयार झालेली आहे. कारखाना उरलेले जुने भाग नव्या अंगावर बसवतच होता, त्यामुळे लगतच्या दोन टाइपांची सरमिसळ दिसली म्हणून रंधा जोडतोडीचा ठरत नाही. अंगावर ‘मेड इन इंग्लंड’ असेल, तर मात्र ही वर्गवारी बाजूला ठेवावी. स्टॅन्लीचे शेफिल्डमधले उत्पादन १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि तिथले बदल अमेरिकी वर्षांशी जुळत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या बाजारात इंग्लंडमधले रंधे पुष्कळ दिसतात, म्हणून ही चूकही इथे सहज होते. आकड्याआधी शून्य, म्हणजे ०४ किंवा ०५ असे असेल, तर तो बहुधा शेफिल्डमधल्याच रेकॉर्ड या दुसऱ्या कंपनीचा रंधा असतो.

आणि वय ठरेपर्यंत तारेचा ब्रश लावू नये. मूळ काळा लेप आणि लिव्हर कॅपवरच्या अक्षरांमागे उरलेला नारिंगी रंग एकदा निघाला की परत येत नाही. आधी फक्त कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, फ्रॉगचे दोन स्क्रू काढून तो उचलावा, खालच्या अक्षरांवर खडू हलकेच फिरवावा आणि टॉर्च अगदी आडवा धरून ती वाचावीत.